चारशे सत्त्याण्णव गावांचा कौल

दिवाळी सरली की श्रीपूरच्या रस्त्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनं 1930च्या दशकात माळशिरस तालुक्यातल्या या गावी साखर कारखाना उभा केला आणि तेव्हापासून इथलं वर्ष गाळपाच्या हंगामावर चालतं. आज तो हंगाम पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचा. फडाच्या कडेला कोप्या पडतात, बीड-धाराशिवकडची बिऱ्हाडं तिथंच संसार मांडतात. ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीच्या नावावर आणि खाडाही जोडीचाच. बाई पहाटे भाकरी थापून फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. अंगावरून जात असतं, कंबर धरलेली असते, कधी पाळी जाऊन वर्ष झालेलं असताना पुन्हा डाग दिसतो. ती सांगत नाही. सांगायचं कुणाला, आणि दिवस बुडाला तर भरून काढायचा कुठून?

गर्भाशयमुखाचा कर्करोग असा न बोलण्याच्या आडोशानं वाढतो. ज्या मुलखातून या बायका तोडीला येतात, त्याच धाराशिव जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, 497 गावांत विसाव्या शतकाच्या अखेरीस एक मोठी चाचणी सुरू झाली. प्रश्न साधा होता. बाईला आयुष्यात एकदाच तपासता येणार असेल, तर कोणत्या तपासणीनं तिचा जीव वाचतो? तोवर खात्रीचं उत्तर जगात कुणाकडेच नव्हतं. ते शोधण्याचं काम लंडन-न्यूयॉर्कमधून चाललं नाही. ते चाललं सोलापूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, श्रीपूरहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी मागे टाकून पूर्वेला गेलं की लागणाऱ्या बार्शीतून.

‘बार्शी तिथे सरशी’ ही म्हण बार्शीकर अभिमानानं सांगतात, ती बाजारपेठेमुळे. 1897 साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली आणि पुढे 1911 साली ती लातूरला पोचली. मराठवाड्याच्या सीमेवरच्या गावांना धान्य विकायला, लुगडी घ्यायला आणि दवाखान्यालाही बार्शीच जवळची. परांडा आणि भूम हे तालुके कागदोपत्री दुसऱ्या जिल्ह्यातले, महसुली हिशेबात दुसऱ्या विभागातले. पण आजारी माणसाला घेऊन निघालेली एसटी किंवा जीप वळायची ती बार्शीच्याच दिशेनं. पुढे जे घडलं त्याचा पाया या वहिवाटेत आहे.

3 मे 1981 रोजी अभिनेत्री नर्गिस दत्त कर्करोगानं गेल्या. बार्शीत उभ्या राहिलेल्या ग्रामीण कर्करोग रुग्णालयाला पुढे त्यांचं नाव मिळालं: नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं त्याला हात दिला आणि स्थानिक बाजूनं डॉ. भगवान नेने या कामाशी कायमचे जोडले गेले. त्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात कॅन्सर म्हणजे मुंबई असंच समीकरण होतं. परळला जायचं म्हणजे गुरं विकायची, सोबतीला दोन माणसं न्यायची आणि धर्मशाळेत किंवा पदपथावर दिवस काढायचे. बहुतेक बायका निघायच्याच नाहीत. ज्या निघायच्या, त्यांचा आजार तोवर पुढे गेलेला असे.

किती पुढे, आणि किती जणींचा? हे कुणालाच सांगता येत नव्हतं. देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी 1963 साली मुंबईत सुरू झाली. 1980च्या दशकाच्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तोही मुंबई, बंगळूर, मद्रास अशा शहरांत. शहरात मोजणं शक्य होतं, कारण तिथं रुग्णालयं होती, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा होत्या, मृत्यूचे दाखले होते. खेड्यात माणूस घरी मरतो, दाखल्यावर ‘म्हातारपण’ किंवा ‘ताप’ असं लिहिलं जातं आणि कर्करोगाची नोंद माणसाबरोबरच जाते. देशातली बहुसंख्य माणसं खेड्यात राहत होती आणि देशाचा कर्करोगाचा हिशेब मात्र शहरांवरून मांडला जात होता.

1987 साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं तिच्या कक्षेत आली. रुग्ण इस्पितळात येईल आणि मग त्याची नोंद होईल, अशी वाट पाहून इथं चालणार नव्हतं, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, ग्रामसेवक, दाई, गावातला डॉक्टर अशा जाणत्या माणसांना भेटायचं आणि विचारायचं. कुणाच्या तोंडात बरी न होणारी जखम आहे का? कुणाला गिळता येत नाही का? कुण्या बाईला अवेळी रक्त जातंय का? गेल्या काही महिन्यांत कोण वारलं, कशानं? अशा चौकशीतून संशयित रुग्ण सापडला की त्याला बार्शीला यायला राजी करायचं, गरज पडली तर सोबत घेऊन यायचं, तपासायचं आणि मगच वहीत नाव चढवायचं. या पद्धतीमागे डॉ. नेने यांच्याबरोबर रोगप्रसारशास्त्रातल्या कस्तुरी जयंत यांची आखणी होती. ग्रामीण नोंदणीची ‘बार्शी पद्धत’ म्हणून तिचं नाव पुढे झालं.

वहीतून दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, कर्करोगाचं एकूण प्रमाण मुंबईच्या मानानं बरंच कमी होतं. दोन, बायकांमध्ये सगळ्यांत पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग होता आणि बहुतेक जणी उशिरा येत होत्या.

उशिरा म्हणजे काय, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. डॉक्टर या आजाराचे चार टप्पे करतात. पहिल्यात गाठ गर्भाशयाच्या तोंडापुरती असते. दुसऱ्यात ती बाहेर सरकते, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेली नसते. तिसऱ्यात भिंतीला भिडते किंवा मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंड निकामी करू लागते. चौथ्यात मूत्राशय, गुदाशय किंवा दूरच्या अवयवांत शिरते. पहिल्या टप्प्यातली बाई बहुधा बरी होते. तिसऱ्यातल्या बाईचं भवितव्य उत्तम उपचारांनंतरही निम्मं-निम्मं असतं. आणि या चारही टप्प्यांच्या आधी एक दीर्घ काळ असतो, बहुधा दहा-पंधरा वर्षांचा. त्या काळात पेशी बिघडलेल्या असतात, पण कर्करोग झालेला नसतो. त्या वेळी सापडली तर ती जागा गोठवून किंवा विजेच्या तारेनं कापून काढता येते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.

नोंदणीच्या कार्यकर्त्यांनी गावात बोलायला सुरुवात केली, ती मुळात माहिती मिळावी म्हणून. पण विचारता विचारता सांगणंही आलंच. अवेळी रक्त जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, वास येणारं पाणी जाणं ही लक्षणं लपवायची नसतात, हे बायकांच्या घोळक्यात बसून, चित्रं दाखवून सांगितलं जाऊ लागलं. काही वर्षांत नोंदणीच्या आकड्यांत फरक दिसला. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. हा अभ्यास 1995 साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. यंत्र नाही, औषध नाही. नुसत्या गाठीभेटी आणि बोलणं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयांनाही जे जमलं नव्हतं, ते बार्शीच्या फिरत्या माणसांनी करून दाखवलं. या लेखातली पुढची अनेक मोठी नावं आणि मोठे आकडे याच पायपिटीवर उभे आहेत.

दरम्यान विज्ञान दुसऱ्या बाजूनं सरकत होतं. 1983 साली जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटानं गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार शोधला. त्याबद्दल त्यांना 2008 साली नोबेल मिळालं. या विषाणूला इंग्रजी आद्याक्षरांवरून एचपीव्ही म्हणतात. शरीरसंबंधातून तो पसरतो, बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकांचा दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. ज्या थोड्या बायकांमध्ये तो मुक्काम ठोकतो, त्यांच्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. त्यामुळे तिशी उलटल्यावरही विषाणू सापडला, तर त्याचा अर्थ गंभीर असतो. आणि हा संसर्ग झाला म्हणजे बाई किंवा तिचा नवरा वाईट चालीचा, असा अर्थ काढणं निखालस चूक आहे. हे इथं स्पष्ट लिहिण्याचं कारण असं, की या गैरसमजापायी आजही कितीतरी बायका तपासणीच्या टेबलापर्यंत पोचत नाहीत.

1990च्या दशकाच्या शेवटी जगापुढे तीन तपासण्या होत्या. पहिली पॅप तपासणी: गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. हिनं युरोप-अमेरिकेत मृत्यू खूप कमी केले होते, पण ती दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते आणि तरबेज डोळे लागतात. दुसरी अगदी स्वस्त: गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का, ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. तिसरी नवी आणि महाग: विषाणूचा डीएनए शोधणारी. गरीब देशांना कोणती परवडेल यावर मतं भरपूर होती, पुरावा नव्हता.

फ्रान्समधल्या ल्याँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, टाटा मेमोरियलच्या संचालक डॉ. केतायून दिनशॉ, तिथलेच डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि बार्शीची मंडळी एकत्र आली. गेट्स फाउंडेशनचा पैसा मिळाला. ऑक्टोबर 1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू झालं. याच जिल्ह्याचा दक्षिण भाग सहाच वर्षांपूर्वी भूकंपानं हादरला होता.

30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 निरोगी बायका या चाचणीत होत्या. त्यांच्या 497 गावांचे 52 गट केले गेले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे हे गट चार भागांत वाटले. प्रत्येक भागात 13 गट. एका भागातल्या बायकांना विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हिनेगर. चौथ्या भागाला यांतली कोणतीच नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. बाईऐवजी गाव वाटण्यामागे शहाणपण होतं. एकाच पाणवठ्यावरच्या दोघींपैकी एकीला एक तपासणी आणि दुसरीला दुसरी, हे गावात निभावणं कठीण. गावाला गाव तोलणं सोपं आणि स्वच्छ.

गावात चमू यायचा, यादीप्रमाणे घरं फिरायचा, बायकांना समजावून संमती घ्यायचा. प्रशिक्षित नर्सबाई तपासणी करायच्या. पेशींच्या काचा आणि विषाणूचे नमुने बार्शीच्या प्रयोगशाळेत जायचे. एका तालुक्याच्या गावात, वीज जाण्यायेण्याच्या त्या काळात, हायब्रिड कॅप्चर नावाची तेव्हाची सर्वांत प्रगत विषाणू-तपासणी हजारोंच्या संख्येनं होत होती. तपासणीत दोष आढळलेल्या बाईची दुर्बिणीतून तपासणी व्हायची, लागलं तर तुकडा घेतला जायचा आणि उपचार व्हायचे.

बोलावलेल्या दहांतल्या जवळपास आठ जणी आल्या. ग्रामीण भागात, लाजेच्या अवयवाच्या तपासणीसाठी, हा प्रतिसाद थक्क करणारा आहे. आल्या कोण, राहिल्या कोण, हेही संशोधकांनी तपासलं. तरुण, थोड्या शिकलेल्या, नवरा असलेल्या बायका अधिक आल्या. वयानं मोठ्या, शाळा न पाहिलेल्या आणि एकट्या राहिलेल्या मागे पडल्या. म्हणजे जिला धोका अधिक, तीच दारामागे राहिली. विधवेला ‘आता तुला काय करायचंय तपासून’ असं म्हणणारं घर या आकड्यांत दिसतं.

तपासणी प्रत्येकीची एकदाच झाली. त्यानंतर वाट पाहायची होती, आणि पाहता पाहता मोजायचं होतं. कोणत्या गावात कुणाला कर्करोग निघाला, कोणत्या टप्प्यात, कोण गेलं, कशानं गेलं. इथं बार्शीची वही कामी आली. माणसं सहा-सहा महिने तोडीला परगावी जातात अशा मुलखात आठ वर्षं लाख-सव्वा लाख बायकांचा माग ठेवणं, हे नोंदणीच्या अनुभवाशिवाय अशक्य होतं.

2 एप्रिल 2009 च्या अंकात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं निष्कर्ष छापले. कोणतीच तपासणी न झालेल्या गावांत 31,488 बायकांपैकी 64 जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं दगावल्या. विषाणूची तपासणी झालेल्या गावांत 34,126 पैकी 34. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातले कर्करोग पहिल्या ठिकाणी 82 होते, दुसऱ्या ठिकाणी 39. पॅप आणि व्हिनेगर तपासणीच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही.

या आकड्यांत एक गंमत वाटावी अशी विसंगती आहे. विषाणू-तपासणीच्या गटात कर्करोगाचे एकूण रुग्ण 127 आणि न तपासलेल्या गटात 118. तपासलेल्या गावांत रोग जास्त? तसं नाही. न तपासलेल्या गावांत काही जणींचा रोग अजून आतच होता, कुणाला दिसलेला नव्हता. तपासलेल्या गावांत तो लवकर उघड झाला, लहान असताना हाती लागला, म्हणून संख्या वाढली आणि मरण घटलं. रुग्ण वाढले म्हणून घाबरणाऱ्या प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्यानं हा तक्ता एकदा पाहावा.

सगळ्यांत मोलाचा निष्कर्ष त्यानंतरचा. ज्यांची तपासणी निर्दोष निघाली, त्यांचं पुढे काय झालं? पॅप किंवा व्हिनेगरमध्ये निर्दोष ठरलेल्या बायकांना पुढच्या वर्षांत कर्करोग होण्याचं प्रमाण विषाणू-तपासणीत निर्दोष ठरलेल्यांच्या चौपटीहून अधिक होतं. म्हणजे विषाणू नाही असं कळलेली बाई कित्येक वर्षं निर्धास्त राहू शकते. वर्षातून सहा महिने फडात असणाऱ्या आणि पुन्हा कधी हाती लागेल याची खात्री नसलेल्या बाईसाठी याहून उपयोगी तपासणी दुसरी नाही. त्याच अंकातल्या संपादकीयाचा सूर असा होता की भारतातून जगाला अधिक चांगला मार्ग मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत विषाणूची डीएनए तपासणी हीच पहिली पसंती ठरवली.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलनं केलेल्या दुसऱ्या चाचणीचा निकाल वेगळा आला, हेही सांगायला हवं. तिथं दीड लाखाहून अधिक बायकांपैकी जवळपास निम्म्यांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगर तपासणी केली आणि त्या गटात मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. 2013 साली ही बातमी जगभर गाजली. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्येही याच तपासणीनं मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं कमी झाले होते. मग उस्मानाबादेत का नाही? ही तपासणी डोळ्यांवर अवलंबून आहे. पांढरा डाग कुणाला दिसतो, कुणाला नाही. एकदाच पाहिलं तर निसटतं, पुन्हा पुन्हा पाहिलं तर सापडतं. व्हिनेगर निरुपयोगी नाही. पण एकच संधी असेल तर विषाणूच शोधावा, हा धाराशिवच्या गावांचा कौल आहे.

उस्मानाबादच्या न तपासलेल्या गावांतल्या त्या 64 मृत्यूंबद्दल पुढे प्रश्न उठले आणि ते उठायलाच हवे होते. तपासणी उपयोगी पडते हे जगाला पॅपमुळे माहीत असताना हजारो बायकांना तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का, असं एरिक सुबा या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं भारतातल्या तिन्ही चाचण्यांबद्दल विचारलं. भारतीय वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकातही त्यावर वाद झाला. संशोधकांचं म्हणणं असं, की त्या गावांत तपासणी मुळात नव्हतीच; कुणाकडून काही काढून घेतलं नाही, आणि तुलना केल्याशिवाय कोणतंही सरकार पैसा घालणार नव्हतं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ज्या पुराव्यासाठी त्या गावांना वाट पाहावी लागली, तो पुरावा त्यांच्याच आरोग्य केंद्रात वापरला जात नसेल, तर संशोधकांची बाजू दर वर्षी थोडी लंगडी होत जाते.

आणि ते वापरणं अजून व्हायचं आहे. केंद्र सरकारच्या 2016 च्या आराखड्यात तिशीपुढच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे, तीही व्हिनेगरची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीही झालेल्या फक्त 1.9 टक्के निघाल्या. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार 2022 या एका वर्षात भारतात या कर्करोगाचे सुमारे 1,27,000 नवे रुग्ण होते आणि जवळपास 80,000 मृत्यू.

तपासणी पोचली नाही, भीती मात्र पोचली. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर मोठं वादळ उठलं. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. अनेकींनी सांगितलं की पांढरं जातं किंवा पोट दुखतं म्हणून गेलं, तर ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात याच बायकांसारख्या बायकांनी आठ वर्षं चाचणीला साथ देऊन दाखवून दिलं होतं की एका नमुन्यावरून धोका आहे की नाही ते कळतं आणि बहुतेकींना काहीच कापावं लागत नाही. दहा वर्षं उलटून गेल्यावरही ते ज्ञान शे-सव्वाशे किलोमीटर चाललं नव्हतं.

ज्या उशिरा पोचतात त्यांच्यासाठी मुंबईत वेगळं संशोधन चालू होतं, आणि तेही इथल्याच रुग्णांच्या बळावर. तिसऱ्या टप्प्यातल्या बाईला किरणोपचारांबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिल्यानं खरंच फायदा होतो का, हे टाटा मेमोरियलनं 850 रुग्णांमध्ये तपासलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नुसत्या किरणोपचारांनी पाच वर्षांनंतर 46 टक्के बायका जिवंत होत्या, सिस्प्लॅटिनसह 54 टक्के. त्याच वर्षी डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 635 बायकांवरच्या चाचणीतून आणखी एक जुना प्रश्न सोडवला. आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग शस्त्रक्रिया, की केमोसह किरणोपचार? किरणोपचारांची बाजू सरस ठरली. पुढे डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या चाचणीनं दाखवलं की शस्त्रक्रियेनंतर अचूक नेम धरून किरणं दिली, तर आतड्याचे दीर्घकाळचे त्रास निम्म्यावर येतात. बरी होऊन घरी गेलेल्या, पण शौचाच्या त्रासापायी लग्नकार्याला जायचं सोडलेल्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे.

बार्शीची गोष्ट मात्र 2009 मध्ये संपली नाही. त्याच वर्षी एचपीव्ही लशीच्या चाचणीसाठी देशभरात 10 ते 18 वर्षांच्या अविवाहित मुलींची नोंदणी सुरू झाली. तीनऐवजी दोन मात्रा पुरतील का, हा प्रश्न होता. केंद्रांमध्ये बार्शी होती, पुणे होतं, मुंबई होती, थेट मिझोरमपर्यंत पसरलेली रुग्णालयं होती. एप्रिल 2010 मध्ये आंध्र आणि गुजरातेतल्या एका वेगळ्याच लस-प्रकल्पात मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. ते मृत्यू लशीमुळे झाल्याचं चौकशीत आढळलं नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे आले. सरकारनं सगळ्याच चाचण्यांतलं लसीकरण थांबवलं. तोवर 17,729 मुलींना लस दिली गेली होती आणि त्यांतल्या 4,950 जणींना एकच मात्रा मिळाली होती.

चाचणी मोडली, असंच वाटलं असणार. संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. त्या मोठ्या झाल्या, लग्नं झाली, नमुने घेतले गेले. 2021 साली दहा वर्षांचे निष्कर्ष आले: विषाणूच्या सोळा आणि अठरा या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेचं संरक्षण 95.4 टक्के, दोन मात्रांचं 93.1 आणि तीन मात्रांचं 93.3. एक मात्रा तीनइतकीच ठरली. डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका मात्रेचा पर्याय मान्य केला, तेव्हा त्यामागच्या पुराव्यांत हा भारतीय पुरावाही होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस, सर्वाव्हॅक, जानेवारी 2023 मध्ये बाजारात आली.

तपासणीचं महागडं यंत्र ही अडचणही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. 2025 साली गोव्याच्या मोलबायो आणि पुण्याच्या मायलॅब या कंपन्यांच्या देशी एचपीव्ही चाचण्या दिल्ली, नोएडा आणि मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळांमध्ये पारखून घेण्यात आल्या. मोलबायोचं ट्रूनॅट यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी तालुक्या-तालुक्यात पोचलेलं आहे, आणि कोविडच्या दिवसांत ते ग्रामीण महाराष्ट्रानं पाहिलेलंही आहे.

1999 साली तिशीत असलेल्या धाराशिवच्या बायका आता आज्या आहेत. 2010 साली बार्शीत एका मात्रेवर थांबलेल्या मुलींपैकी मोठ्या मुली तिशी ओलांडून स्वतःच तपासणीच्या वयात आल्या आहेत. त्यांच्याच वयाच्या, लस न मिळालेल्या, कधीच न तपासलेल्या कितीतरी जणी येत्या दिवाळीनंतर कोयता घेऊन श्रीपूरच्या फडात उतरतील. पुढचे काही महिने त्या एका जागी असतील. कोपी कुठं आहे, टोळी कुणाची आहे, बायका किती आहेत, हे मुकादमाच्या वहीत लिहिलेलं असेल.